एकट्याचा मॉनिटर

कावळे होते. नव्हते असं नाही. मिरजेच्या कृष्णाघाटावर पिंपळात, पायऱ्यांच्या कठड्यावर, पलीकडच्या पत्र्यावर चांगले ऐसपैस बसले होते. पिंड मांडून बराच वेळ झाला होता, भातावरचं दही उन्हानं पाणी सोडायला लागलं होतं आणि एकही कावळा खाली यायला तयार नव्हता.

माझा धाकटा भाऊ पुष्कर जाऊन तो दहावा दिवस होता. साधा म्हणून आलेला ताप मेंदूत गेला आणि आम्हाला नीट घाबरायलाही वेळ मिळाला नाही. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन तो नुकताच मोकळा झाला होता.

कावळा शिवेना की गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं आमच्याकडं धरतात. मग एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि त्याला शब्द द्यायचा. पहिला मान मामानं घेतला. वैजूचं लग्न थाटात लावून देऊ, तू निर्धास्त राहा, असं तो नदीकडं तोंड करून म्हणाला. वैजू म्हणजे मी, वैजयंती. माझं लग्न ही माझ्या भावाची शेवटची इच्छा असेल असं जगात फक्त मामालाच वाटू शकतं, कावळ्यांना तसं वाटल्याचं काही दिसलं नाही. काकांनी त्याची मोटारसायकल जपू म्हणून सांगितलं. पप्पा पुढं झाले. नुसतेच हात जोडून उभे राहिले आणि मागं आले. आई म्हणाली, मी रडणार नाही, पण तू खा. तरीही नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायचं सुचवलं, शास्त्रात तशी सोय आहे म्हणाले. आईनं ऐकलं नाही. माझं पोरगं उपाशी जाणार नाही, एवढंच ती म्हणत राहिली.

मी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. काचेखाली दिसतं तेवढं खरं, अशा मताची होते आणि त्याचा थोडा तोराही होता. पण आईकडं बघवत नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं. मला पुष्कर जेवताना मोबाइलवर काय बघत बसायचा ते आठवलं. गेले दोन-तीन महिने त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याला त्याच्या कॉम्प्युटरला नवा मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं, गेम खेळायला. पप्पा हो म्हणाले होते, दुकान ठरलं होतं, तरी कुठला घ्यायचा ते त्याचं काही केल्या ठरत नव्हतं.

मी पुढं झाले. "पुष्क्या, तुझा मॉनिटर आणि कार्ड मी आणते. तुला पाहिजे तेच आणते."

मामानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की ही आता इथं काय बरळतेय. गुरुजींना शब्द कळले नसावेत. आणि पिंपळातून एक कावळा सरळ खाली आला, इकडं तिकडं न बघता पिंडाला शिवला आणि चोचीत भात घेऊन नदीवरून निघून गेला. आईनं माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

तेरावं झालं आणि पुढच्याच रविवारी मी फिरोजच्या दुकानात गेले.

फिरोज मुजावर पुष्करच्या बरोबरीचा, शाळेपासूनचा मित्र. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यानं कॉम्प्युटरचं केलं होतं. मी घाटावर काय बोलून बसले ते त्याला सांगितलं. तो हसला नाही. खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, "ताई, शब्द दिलाय तर पाळायलाच पाहिजे. पण तुम्हाला ह्यातलं काय कळतं का?"

मला काडीचंही कळत नव्हतं. त्यानं मला टेबलावर शेजारी शेजारी मांडलेले दोन मॉनिटर दाखवले. पुष्कर दर रविवारी येऊन या दोघांसमोर बसायचा म्हणे. एक मोठा होता, चित्र भरगच्च, रंग असे की डोंगरावरचं गवत मोजून घ्यावं. दुसरा लहान आणि दिसायला अगदीच साधा, पण चपळ. फिरोजनं सांगितलं, मोठा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, हा एकशे चव्वेचाळीस वेळा. दोघांवर तोच खेळ लावून त्यानं माणूस पळवून दाखवला. मोठ्यावर तो पळाला, लहानावर तो वाहत गेला. तेवढा फरक मलाही कळला.

"आणि कार्ड?"

"कार्ड म्हणजे चित्र काढणारा. मॉनिटर नुसता दाखवणारा. मोठ्याला ठिपके जास्त भरावे लागतात, लहानाला घाई जास्त करावी लागते. दोन्हीकडं कार्ड तगडंच पाहिजे. ते एकच ठेवलंय मी त्याच्यासाठी, त्याच्यात वाद नव्हता. वाद ह्या दोघांचा."

"मग त्याला अडत कुठं होतं?"

फिरोज म्हणाला, "खुर्ची जरा बाजूला घ्या आणि बघा."

मी खुर्ची टेबलाच्या कडेला ओढली. मोठ्या मॉनिटरवर काही फरक पडला नाही, तोच डोंगर, तेच गवत. लहान मॉनिटर मात्र बघता बघता विझला. पूर्ण नाही. त्यातला माणूस काळा पडला आणि त्याच्या डोळ्यांच्या जागी पांढरं उरलं. मी जरा पुढं झाले तर तो पुन्हा माणूस झाला. मागं आले की पुन्हा तसाच. मी उगाच पदर सारखा केला.

"हा समोर बसणाऱ्यालाच दिसतो," फिरोज म्हणाला. "पडदाच त्या जातीचा असतोय. पुष्कर म्हणायचा, हा एकट्याचा आणि तो दोघांचा."

मग मला ठरवायला काही अवघड गेलं नाही. आई ब्लाउज शिवायची. दिवसभर मशीन चालवून झालं की संध्याकाळी हूक लावायचं काम घेऊन ती पुष्करच्या शेजारी स्टुलावर बसायची. एरवी तो खेळात काय मारामाऱ्या करायचा त्या करू दे, पण आई बसली की तो फक्त घोडा चालवायचा. डोंगर, ओढे, लांबवर बर्फ. आई मधूनच मान वर करून विचारायची, आज कुठवर आलास रे. जुन्या मशीनवर घोडा अडखळत चालायचा आणि आई त्याला दम धर म्हणायची. एवढ्यासाठीच तो अडला असणार, आईला दिसायला हवं म्हणून. मी फिरोजला म्हटलं, दोघांचा दे.

त्यानं माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग खोकं काढायला वर माळ्यावर चढला.

त्याच दिवशी त्यानं घरी येऊन सगळं जोडून दिलं. पुष्करच्याच कॉम्प्युटरचा जुना डबा, त्यात नवीन कार्ड, वर मोठा मॉनिटर. खेळ उघडला तर पुष्करनं जिथं सोडला होता तिथंच होता. एक लहान गाव, त्यात त्याचं खेळातलं घर, अंगणात घोडा उभा. गावाच्या टोकाला लाकडी पूल आणि पुलापलीकडं धुकं. आईनं फिरोजला विचारलं, पुलाच्या पलीकडं काय आहे. पुष्करला तिनं हे बऱ्याचदा विचारलं होतं म्हणे आणि तो म्हणायचा, पलीकडचं या मशीनला झेपत नाही. फिरोज म्हणाला, आता झेपेल काकू. पण माउसला हात कुणीच लावला नाही. आईनं मॉनिटरला हळदीकुंकू लावलं, पुष्करच्या खुर्चीच्या शेजारी तिचं स्टूल ठेवलं आणि आम्हाला सांगितलं की हे रोज चालू करत जा, बंद मशीन बघवत नाही.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणी फोटोला हार घालतं, आम्ही घोडा उभा करायचो. सकाळी कामावर जाताना मी बटण दाबून चालू करायचे, खेळ आपोआप उघडेल असं फिरोजनं लावून दिलं होतं, आणि रात्री जेवणं झाली की बंद करायचे.

पहिल्यांदा खटकलं ते घोड्याच्या जागेचं. रात्री मी बंद करताना तो अंगणात असायचा. सकाळी चालू केलं की पुलावर असायचा, तोंड धुक्याकडं. मला वाटलं खेळ तिथूनच सुरू होत असेल. फिरोजला फोन केला. तो म्हणाला, जिथं सोडाल तिथंच उघडतो, ताई. एखादं बटण अडकलं असेल, धूळ असते, घोडा आपोआप चालत राहतो. मी कीबोर्ड काढूनच ठेवला, माउसही काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा पुलावरच होता.

मग कार्डाचे पंखे. फिरोजनं जाताना सांगितलं होतं की या कार्डाला काम नसलं की त्याचे पंखे थांबतात आणि कुणी खेळायला लागलं, चित्र पळायला लागलं की फिरतात. दिवसभर ते गप्प असायचे. संध्याकाळी मी कामावरून यायचे तेव्हा आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येत असायचा. एका सुरात नाही. वाढायचा, जरा थांबायचा, पुन्हा वाढायचा. पुष्कर खेळत असला की त्याची जुनी मशीन अशीच धापा टाकायची. पप्पा बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठा करून बसायचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची उभी नोकरी इंजिनांच्या आवाजात गेली. बिघडलेलं इंजिन ते लांबूनच ओळखायचे. मी एकदा विचारलं, पप्पा, हे आपोआप कसं चालतं हो. ते टीव्हीकडंच बघत म्हणाले, "आपोआप चालत न्हाई. त्याच्यावर भार हाय." आणि त्या खोलीत ते पाऊल टाकायचे नाहीत.

आई मात्र तिथून उठेना. आधी संध्याकाळचा तास होता, मग दुपारचं जेवणही ती तिथं नेऊ लागली. शिवणाच्या मशीनवर तिनं चादर टाकली. बायका कापडं परत घेऊन गेल्या आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. मी हाक मारली की तिला ती दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा ऐकू जायची. एक दिवस मी दमून आले आणि सहज पुष्करच्या खुर्चीत बसले. आई शांतपणे म्हणाली, "उठ वैजे. बसलाय तो." मी उठले. मला तिच्या बोलण्यापेक्षा खुर्चीची भीती वाटली, कारण ती खरंच ऊबदार होती. उन्हाळ्याचे दिवस होते, सगळ्याच खुर्च्या तापलेल्या असायच्या, हे मी स्वतःला त्या रात्री पुन्हा पुन्हा समजावलं.

आणि मग तो शुक्रवार. लॅबमधून लवकर सुटले होते. दिवे लागायची वेळ. मी खोलीच्या दारात आले तेव्हा आई स्टुलावर दोन कप चहा घेऊन बसली होती आणि पडद्यावर घोडा पुलाच्या पार टोकाला होता. पुढचे पाय धुक्यात. पंखे जोरात फिरत होते. कीबोर्ड कपाटावर होता, माउस त्याच्या शेजारी, दोन्ही मला तिथून दिसत होते.

आई म्हणाली, "ये."

नेहमीच्याच आवाजात, चहा गार होतोय अशा सुरात. घोड्यानं मान वळवली. थोडा वेळ तो तसाच थांबला, मग अख्खा फिरला आणि पुलावरून खुरांचा आवाज करत गावाकडं परत आला. अंगणात येऊन उभा राहिला. पंखे हळूहळू बसले.

"आला बघ," आई म्हणाली, आणि चहाचा घोट घेतला.

मी दाराला धरून उभी होते. भीती वाटली, खोटं नाही सांगत. पण पुष्करची नाही. आईचे गाल आत गेले होते, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि चेहऱ्यावर एवढं समाधान की मी बघितलेलं कुठलंही आजारपण त्यापेक्षा बरं. हे असंच चाललं तर ती त्या स्टुलावरून एक दिवस उठणारच नाही, हे मला लख्ख दिसलं. आणि ते स्टूल तिथं ठेवायची सोय मीच करून दिली होती.

शनिवारी कामावर न जाता मी फिरोजकडं गेले. सगळं सांगितलं. सकाळी घोडा पुलावर, तोंड बाहेरच्या बाजूला. संध्याकाळी आई ये म्हणाली की घरी. रोज तेच. फिरोज दुकानाच्या दारात उभा होता. तो आत आला आणि काउंटरच्या मागं डोकं धरून बसला.

"ताई, त्याचं ठरलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मॉनिटर. लहानवालाच घेणार होता. आजारी पडायच्या आधीच्या रविवारी मला म्हणाला, एकट्याचा बांधून ठेव. आईला सांगून झालं की नेतो."

"आईला काय सांगायचं होतं? मॉनिटरचं?"

"पुण्याचं. नोकरी लागलेली त्याला तिकडं. कोल्हापूरला मित्राच्या लग्नाला म्हणून गेला होता न्हवं, तेव्हा पुण्याला जाऊन खोली ठरवून आला. तिथं त्याच्या शेजारी कोण बसणार होतं? म्हणून लहानवाला. इथं राहायचं असतं तर मोठा घेतला असता. तीन महिने तो मॉनिटर निवडत न्हवता, ताई. जायचं का न्हाई ते ठरवत होता."

मला त्याचा राग यायला हवा होता. हे त्यानं आधी सांगितलं असतं तर. मी तसं म्हटलंही.

"कसं सांगणार? तुम्ही त्या दिवशी म्हणाला, आई शेजारी बसायची, दोघांचा दे. आता काकूंना कळून काय उपयोग, असं वाटलं. पोरगं न सांगता निघालं होतं हे त्यांनी जन्मभर मनाला लावून घेतलं असतं."

घाटावर मी म्हटलं होतं, तुला पाहिजे तेच आणते. कावळा त्यावर शिवला होता. आणि मी जे आणलं ते त्याला नको असलेलं होतं, सगळ्यात जास्त नको असलेलं.

त्या दुपारी आई जरा पडली होती तेव्हा आम्ही दोघांनी मॉनिटर बदलला. फिरोज पूर्ण वेळ काहीतरी पुटपुटत होता. त्यांच्याकडची दुवा असावी, मी विचारलं नाही. लहान मॉनिटर लागला, खेळ उघडला. घोडा पुलाच्या मध्यावर उभा होता. मी स्टूल जिथं होतं तिथंच ठेवलं. मोठ्याचं खोकं दारामागं नेऊन उभं केलं आणि आईची वाट बघत बसले. पप्पांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

आई चहा घेऊन आली. स्टुलावर बसली. पडद्याकडं बघितलं आणि डोळे बारीक केले.

"हे काळं का दिसतंय?"

"तुझ्या जागेवरनं तसंच दिसणार," मी म्हटलं. "हा समोरच्यालाच दिसतो."

"आधीचा कुठाय?"

"काढला. आई, आधीचा मी निवडला होता. हा त्यानं निवडलेला."

तिनं मान पुढं केली, मागं घेतली, स्टूल थोडं ओढून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता आणि त्या उजेडात ती एकदम लहान दिसायला लागली.

"मग मला कसं दिसणार?" ती म्हणाली. "मी इथं बसते हे त्याला ठाऊक हाय की."

दुपारभर मनात घोकलेली वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक. फिरोज दारातून आत आला आणि त्यानं तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं. नोकरीचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं, कोल्हापूरच्या लग्नाचं खरं काय ते सांगितलं. काहीही गाळलं नाही. कार्डाचे पंखे मघापासून फिरत होते ते त्याच्या बोलण्यावर चढत गेले.

आई रडली नाही. ती रिकाम्या खुर्चीकडं वळली.

"सांगायचं की रे," ती म्हणाली. "मी काय अडवणार होते?"

पंखे फिरत राहिले. बाहेरच्या खोलीतून पप्पा येऊन दारात उभे राहिले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आईनं हातातला कप खाली ठेवला.

"अडवलं असतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. काहीतरी काढून अडवलंच असतं."

मग ती उठली. पुष्करच्या खुर्चीमागं जाऊन तिनं दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले. तिथून पडदा नीट दिसत होता. मीही तिच्या मागं जाऊन उभी राहिले. घोडा पुलावर होता, पण त्याचं तोंड आता धुक्याकडं नव्हतं. तो मान वळवून गावाकडं, म्हणजे आमच्याकडं बघत होता. थांबला होता.

आमच्याकडं घरातून निघणाऱ्याला कुणी जा म्हणत नाही. शाळेत निघालेल्या पोरालाही ये म्हणायचं आणि परगावी निघालेल्या म्हाताऱ्यालाही ये म्हणायचं. आईनं बावीस वर्षं पुष्करला दारातून ये म्हणूनच पाठवलं होतं. तिचे ओठ हलले, मला वाटलं सवयीनं आताही तेच निघणार, आणि मी डोळे मिटून घेतले.

"जा," आई म्हणाली.

घोडा हलला नाही.

"मागं नको बघू. मी हाय तुझ्या मागं, खुर्ची धरलीय. जा बाळा."

त्यानं मान फिरवली. पुलाच्या फळ्यांवर खुरांचा आवाज झाला, सावकाश, मग जरा भराभर. पंखे एवढे चढले की टेबल थरथरायला लागलं. धुकं फाटलं आणि पलीकडं एक मोठा मोकळा उतार दिसला, आमच्यापैकी कुणीच आजवर न बघितलेला, खाली दूरवर दिवे लागलेलं कुठलंतरी शहर. घोडा त्या उतारावरून पळत गेला. अडखळला नाही कुठंच, नुसता वाहत गेला. लहान झाला, ठिपका झाला, आणि मग उतारच उरला. पंख्यांचा आवाज उतरत उतरत गेला आणि थांबला. खोली इतकी शांत झाली की पप्पांचा श्वास ऐकू आला.

आईनं खुर्चीवरचे हात काढले. पडद्याकडं पाठ केली आणि ती फिरोजला विचारू लागली, खोली पुण्यात कुठं आहे, कितव्या मजल्यावर आहे, खाली जेवणाची सोय आहे का. एखाद्या पोराला नोकरी लागली की कुठलीही आई विचारेल तसं, एकामागून एक. फिरोज माझ्याकडं बघत, अडखळत उत्तरं देत होता.

"आणि खिडकी?"

"खिडकी हाय, काकू," तो म्हणाला. "मोठी हाय. दिवसभर वारं येतं."

"मग बरं," आई म्हणाली. "त्याला कोंडल्यासारखं होतं रे."